बालकाचे हृदय आणि डिफिब्रिलेटर

विलायतेतील रेल्वेस्थानके, क्रीडांगणे व सभागृहे यांच्या भिंतींवर डिफिब्रिलेटरची पेटी आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. ती वृद्धांसाठीच असावी, असा मात्र पुष्कळांचा समज आहे. कोवळ्या छातीला विजेचा झटका द्यावयाचा, या कल्पनेनेच हात मागे सरतो. हा संकोच स्वाभाविक असला, तरी तोच घातक ठरण्याचा संभव आहे.

वस्तुतः या विद्येचा आरंभच एका मुलापासून झाला. १९४७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे शस्त्रक्रियेच्या वेळी १४ वर्षांच्या मुलाच्या हृदयाची लय बिघडली. डॉ. क्लॉड बेक यांनी उघड्या हृदयास विद्युत्प्रवाह देऊन त्याचे प्राण वाचविले. उलट, २०११ साली लिव्हरपूल येथे १२ वर्षांचा एक मुलगा शाळेत पोहताना हृदय बंद पडून दगावला. त्याच्या पित्याने चळवळ उभारली आणि २०२३ साली इंग्लंडमधील सरकारी शाळांना हे यंत्र पुरविण्यात आले.

मुलांचे हृदय बहुधा श्वास कोंडल्यामुळे थांबते. म्हणून मूल निश्चेष्ट असून त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर प्रथम तोंडाने पाच श्वास द्यावेत. नंतर छाती तिच्या एक-तृतीयांश खोलीइतकी, मिनिटास १०० ते १२० वेळा या गतीने दाबावी. दर तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावेत. दरम्यान दुसऱ्याने ९९९ ला दूरध्वनी करून यंत्र आणावे. खेळता खेळता मूल अकस्मात कोसळले असेल, तर यंत्राची निकड अधिकच असते.

आठ वर्षांखालील, म्हणजे सुमारे २५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी झटका सौम्य करणाऱ्या निराळ्या पट्ट्या वा कळ असते. ती नसल्यास मोठ्यांच्याच पट्ट्या वापराव्यात. त्यांवाचून थांबू नये. लहान मुलास एक पट्टी छातीच्या मध्यभागी व दुसरी पाठीवर लावावी, म्हणजे त्या एकमेकींस टेकत नाहीत. हृदयाची लय यंत्र स्वतःच तपासते, आणि आवश्यकता असेल तरच झटका देते. त्या क्षणी मुलास कोणी स्पर्श करू नये, एवढे पाळावे. नंतर लगेच पुन्हा छाती दाबू लागावे.

गणेशोत्सवास मुलांनी गजबजलेल्या सभागृहात पाऊल टाकताना ती पेटी कोठे आहे, हे प्रत्येक पालकाने व कार्यकर्त्याने पाहून ठेवावे, एवढीच विनंती.