डाव्या पायाचे शिक्षण

वाहनकर्ज मंजूर होते, गाडी दारात येते, हार घातला जातो आणि चाकांखाली लिंबे ठेवून ती चार पावले पुढे नेली जाते. हे काम पुष्कळदा एखादा जाणता शेजारी करतो. गाडीचा नवा मालक शेजारच्या आसनावर बसून कौतुकाने पाहत असतो, कारण ड्रायव्हिंग स्कूलचे एकवीस दिवस पूर्ण होऊन परवाना हाती आला असला, तरी स्वतःची गाडी स्वतः जागची हलविण्याचा धीर त्यास होत नाही. स्टिअरिंगची भीती आठवड्यात सरते. ब्रेक तर उपजतच कळतो. अडते ते क्लचपाशी.

याचे एक कारण शिकवणीच्या गाडीतच दडलेले आहे. नियमानुसार अशा गाडीस दुहेरी नियंत्रण असावे लागते. म्हणजे प्रशिक्षकाच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतात. सुरक्षिततेसाठी ही सोय अत्यावश्यक आहे, यात शंका नाही. परंतु चौकात गाडी बंद पडू लागली, मागून कर्णे वाजू लागले, की प्रशिक्षक आपल्या बाजूचा क्लच हळूच दाबतो, सावकाश सोडतो आणि गाडी लोण्यासारखी पुढे सरकते. शिकणाऱ्यास वाटते, आपल्याला जमले! प्रत्यक्षात जमलेले असते ते प्रशिक्षकाच्या पायाला. स्वतःच्या गाडीत तो दुसरा पाय नसतो आणि पहिल्याच सिग्नलला सत्य उघडकीस येते.

क्लचचे काम समजून घेतले, तर निम्मी धास्ती ओसरते. सुरू असलेले इंजिन मिनिटाला सुमारे सातशे ते नऊशे फेरे घेत असते. त्याहून फार खाली आले, तर ते बंद पडते. उभ्या गाडीची चाके मात्र स्थिर असतात. फिरणाऱ्या इंजिनाची स्थिर चाकांशी एकदम गाठ घातली, तर गाडी गचका खाते आणि इंजिन गुदमरते. म्हणून इंजिनाचे फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घर्षणाचे अस्तर लावलेली एक तबकडी असते. तीच क्लच प्लेट. पॅडल दाबले की ती फ्लायव्हीलपासून सुटी होते. सोडू लागले की प्रथम घसरत, मग पकडत, शेवटी त्याच्याबरोबर फिरू लागते. पॅडलच्या साऱ्या प्रवासात या पकडीचा टप्पा अगदी थोडा, इंचभराच्या आसपासचा. नवशिका क्लचला विजेच्या बटणासारखा वागवितो, एकतर दाबलेला नाहीतर सोडलेला. खरी विद्या त्या मधल्या इंचात आहे.

तो इंच सापडविण्यासाठी मोकळे, सपाट मैदान पुरते. गाडी सुरू करावी, पहिला गिअर टाकावा, उजवा पाय ब्रेकवरून काढून तयारीत ठेवावा, पण ॲक्सिलरेटरला स्पर्शही करू नये. मग डावा पाय अतिशय सावकाश वर आणावा. एका क्षणी इंजिनाचा आवाज किंचित खोल होतो, गाडी हलकीशी थरथरते. तेथेच पाय थांबवावा. आजच्या गाड्यांत इंजिनाची मंद गती यंत्रणा स्वतः सांभाळते, त्यामुळे गाडी पेट्रोल वाढविल्याशिवायही सरकू लागते. पुन्हा क्लच दाबावा, ब्रेक लावावा, पुन्हा आरंभ. हे वीस-पंचवीस वेळा झाले, की पायाला जागा ओळखू येते. पायांत सैल चपला असू नयेत. आणि मागच्या आसनावर सल्लागार तर मुळीच नसावेत. पतीने पत्नीस गाडी शिकवू नये, असे जे गमतीने म्हटले जाते, त्यात अनुभवाचा अंश बराच आहे.

यापुढची पायरी चढाची. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील चाचणीत, तीव्र चढावर गाडी थांबवून मागे न घसरता पुन्हा सुरू करता यावी, अशी स्पष्ट अपेक्षा आहे. उड्डाणपुलावर किंवा इमारतीच्या तळघरातून वर येताना मागे दुचाकीस्वार उभा असतो, तेव्हा या अपेक्षेचा अर्थ ध्यानी येतो. हॅंडब्रेक ओढलेला ठेवावा, क्लच पकडीच्या टप्प्यापर्यंत आणावा, ॲक्सिलरेटर थोडा द्यावा आणि गाडी पुढे ओढ घेऊ लागल्यावरच हॅंडब्रेक सोडावा. काही जण हॅंडब्रेक टाळून अर्ध्या क्लचवरच गाडी चढावर तोलून धरतात. पाहणाऱ्यास ते कौशल्य वाटते; आत मात्र तबकडी घासून तापत असते. जळका वास आला, की खर्चाची नांदी झाली असे समजावे. क्लच प्लेट बदलावयाची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि नेहमीच्या झिजेची भरपाई मोटार विमा देत नाही.

उतारावरची चूक याहून गंभीर. खंबाटकी किंवा बोर घाट उतरताना इंधन वाचविण्यासाठी क्लच दाबून धरणे अथवा गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे इंजिनाचा लगाम स्वतःहून काढून टाकणे होय. सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमक्या वळणावर त्यांची पकड क्षीण होऊ शकते. इंधन वाचते हा समजही फोल आहे. गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की आधुनिक इंजिन बहुधा इंधनच घेत नाही.

२०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर स्वयंचलित गिअर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. त्यातही क्लच असतो. तो दाबण्याचे काम तेवढे यंत्र करते. तरीही शिकण्यासाठी म्हणून जुनी, हाताने गिअर बदलण्याची गाडी घेणारे आजही पुष्कळ आहेत. त्यांनी सौद्यापूर्वी एक परीक्षा जाणकाराकडून, सपाट व मोकळ्या जागी, एकदाच करून घ्यावी. हॅंडब्रेक घट्ट ओढून, ब्रेकही दाबून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सावकाश सोडावा. इंजिन लगेच बंद पडले, तर क्लच बहुधा ठीक. ते तसेच फिरत राहिले, तर तबकडी झिजलेली आहे. तिचा आणि मजुरीचा खर्च विचारून तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागावी.