पोटांतील वस्ती आणि औषधी जंतु

पोट बिघडलें कीं मऊ भात आणि ताक, ही आपली घरगुती वैद्यकी फार जुनी. अलीकडे तिच्या जोडीला औषधांच्या दुकानांतील 'प्रोबायोटिक' नांवाची पुडी येऊन बसली आहे. तींत जिवंत जंतु असतात, आणि ते आपण दाम मोजून पोटांत सोडावयाचे असतात! प्रतिजैविक औषध घेतलें कीं ही पुडी, मुलाला जुलाब झाले कीं हीच पुडी, असा प्रघात पडत चालला आहे. त्यांत तथ्य किती, हें आज पाहूं.

मनुष्यशरीरांत सुमारें ३८ लक्ष कोटि जंतु असतात असा अंदाज आहे. बहुतेकांचा मुक्काम मोठ्या आंतड्यांत. आपल्याला न पचणारा चोथा ते आंबवितात; त्यांतून निघणाऱ्या आम्लांवर आंतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसतात; शिवाय जागा व अन्न अगोदरच अडवून धरल्यामुळें उपद्रवी परक्यांना सहसा थारा मिळत नाहीं. ही वस्ती आपल्या सोयीनें बदलतां येईल, ही कल्पना प्रथम जोरानें मांडली ती मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत असतां त्यानें बल्गेरियन शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचा संबंध त्यांच्या दह्याशीं जोडला, व १९०७ सालीं आंबलेल्या दुधाचा ग्रंथद्वारें पुरस्कार केला. पुढील वर्षीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. तें मात्र दह्यासाठीं नव्हे, रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठीं.

आतां मुद्याची गोष्ट. 'प्रोबायोटिक' हें एका औषधाचें नांव नव्हे. गव्हाचे जसे वाण, तसे एकेका जंतूचे अनेक वाण असतात, आणि एकाचा गुण दुसऱ्याच्या पदरीं बांधतां येत नाहीं. ओडिशाच्या खेड्यांत ४,५०० हून अधिक नवजात अर्भकांवर एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तान्त २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं अर्भकांना सात दिवस 'लॅक्टोबॅसिलस प्लँटारम' या जंतूचा एक ठराविक वाण, त्याला पोसणाऱ्या शर्करेसह, दिला. बाकीच्यांना नुसतीच निरुपद्रवी पूड. पूड दिलेल्यांत शेंकडा ९ अर्भकांना रक्तांत पसरणारा जंतुदोष वा मृत्यु गांठीत होता. तें प्रमाण ५.४ वर आलें. इतका स्वस्त उपाय, आणि इतके जीव! उलट, त्याच कुळांतील दुसरा एक प्रसिद्ध वाण अमेरिकेंत जुलाब-उलट्या झालेल्या ९७१ बालकांच्या प्रयोगांत तपासला गेला. २०१८ सालच्या त्या निष्कर्षांत पुडीनें कांहींच फरक पडला नाहीं.

म्हणून मुलाला जुलाब लागले असतां पुडी शोधण्यांत वेळ दवडूं नये. जीव धोक्यांत येतो तो अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यानें. क्षारसंजीवनीचें पाणी घोट घोट पाजणें हें पहिलें काम. डॉक्टर जस्ताची गोळी देतील. पुडी दिली नाहीं तरी चालेल.

प्रतिजैविकांनीं होणारे जुलाब कांहीं वाणांनीं कमी होतात, असें अनेक प्रयोगांवरून दिसतें. पण २०१८ सालींच इस्रायलमधील २१ जणांच्या लहानशा प्रयोगांत असें आढळलें कीं, अशा औषधानंतर पुडी घेणारांची मूळची वस्ती परतण्यास उलट अधिक काळ लागला. पाहुणे बसले, घरचे बाहेर! तेव्हां 'घेतली तर बिघडलें काय' हें म्हणणें सर्वांशीं खरें नाहीं. अपुऱ्या दिवसांचीं अर्भकें आणि प्रतिकारशक्ति खालावलेले रुग्ण यांच्या रक्तांत हे जंतु शिरल्याचीं उदाहरणें आहेत. अशांना डॉक्टरांच्या सांगण्यावांचून ती मुळींच देऊं नये.

घरच्या विरजणांत कोणते वाण व किती, हें कोणी मोजलेलें नसतें. म्हणून शास्त्राच्या काटेकोर भाषेंत त्याला हें नांव देतां येत नाहीं. तरी दूध न सोसणाऱ्या पुष्कळांना दहीं सोसतें, कारण दुधांतील शर्करा पचविण्याचें काम दह्यांतील जंतु थोडेंबहुत करून ठेवतात. विकतची पुडी घ्यावयाची झाली, तर वेष्टनावर जंतूच्या नांवापुढें वाणाची खूण, म्हणजे अक्षरें वा आंकडे, आहे कीं नाहीं, मुदत संपेपर्यंत किती जंतु जिवंत राहतील तें दिलें आहे कीं नाहीं, आणि ती थंड जागीं ठेवावयाची आहे काय, एवढें दुकानांतच वाचून घ्यावें.