ट्रायपॉड घेताना

कड्यावरच्या वाऱ्यात निसर्गदृश्य टिपायचं तर आधी पाय बघा: जाड आणि कमी जोडांचे. मधला दांडा वर काढला की तीन पायांचा फायदा निम्मा गेलाच. कासच्या पठारावर अडचण उलटी. सीतेची आसवं जेमतेम वीतभर उंचीवर फुलतात, म्हणून दांडा काढता येणारा आणि पाय जमिनीलगत फाकणारा ट्रायपॉड हवा. दांडा उलटा लावून कॅमेरा खाली लटकवायची सोय जाहिरातीत छान दिसते. प्रत्यक्षात बटणं उलटी येतात आणि पाय मध्ये कडमडतात.

बॉल हेड झटपट वळतं, निसर्गदृश्याला पुरेसं. पण १:१ मॅक्रोत, फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/८ ला, सुमारे १ मिलिमीटरच खोली स्पष्ट येते. आणि साधं बॉल हेड घट्ट केलं तरी कॅमेरा केसभर खाली बसतो. तिथे गिअर्ड हेडच खरं, प्रत्येक दिशेला वेगळी घुंडी. ते जड आणि महाग. बजेट नसेल तर आधी फोकसिंग रेल घ्या. कॅमेरा मागेपुढे मिलिमीटरने सरकवता येतो. प्लेट मात्र आर्का-स्विस पद्धतीचीच.

समुद्रावरून आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा, वाळू जोडांत अडकते.