पाण्याचा माग

शिडाच्या होडीवर इंजिन सुरू केलं की आधी मागे वाकून बघायचं. काटे, दिवे, भोंगा हे सगळं नंतर. एक्झॉस्टच्या तोंडातून धुराबरोबर समुद्राचं पाणी थांबून थांबून पिचकाऱ्या मारत पडत असेल, तर निम्मी काळजी मिटली. पिचकाऱ्या विरळ झाल्या, आवाज कोरडा आणि पोकळ यायला लागला आणि धुराऐवजी पांढरी वाफ दिसली, तर डॅशबोर्डवरचा भोंगा वाजायची वाट बघू नये.

मित्राच्या होडीवर मांडव्याहून गेटवेकडे परतताना आम्हाला हे सगळं ओळीने दिसलं. सकाळची मतलई पडलेली, दुपारचे खारे वारे यायला अवकाश. या मधल्या वेळात मुंबई बंदरात शीड नुसतं लोंबतं. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ‘म्हादेई’वरून कुठेही न थांबता, एकट्याने, शिडांवर पृथ्वीप्रदक्षिणा केली. पण अशा बिनवाऱ्याच्या वेळी, न्हावा-शेव्याकडे निघालेलं कंटेनर जहाज समोर असताना चॅनेल ओलांडायचं, तर इंजिनच लागतं. आम्ही ते बंद केलं आणि एका मच्छीमार बोटीने दोर टाकून आम्हाला बोयापर्यंत ओढून आणलं.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आले. मांडव्याच्या लाँचवर आयुष्य काढलेला माणूस. आल्या आल्या त्यांनी इंजिनाला हात लावला नाही. जिना काढून तळाची फळी उचलली आणि म्हणाले, “इंजिन काय तापणारच, त्याचा धंदाच तो. पाणी कुठं अडलंय ते बघू.”

या छोट्या डिझेल इंजिनांत दोन पाणी असतात आणि ती एकमेकांत मिसळत नाहीत. आतलं गोडं पाणी, म्हणजे कूलंट, सिलिंडरांभोवती फिरतं. बाहेरचं खारं पाणी होडीच्या तळाच्या भोकातून येतं आणि सीकॉक (त्या भोकावरची झडप), गाळणी, पंप अशा वाटेने हीट एक्स्चेंजरमध्ये पोचतं. तिथल्या बारीक नळ्यांमधून जाताना ते गोड्या पाण्याची उष्णता उचलतं आणि शेवटी एक्झॉस्टच्या बाकात गरम धुरात मिसळून बाहेर पडतं. एवढा खटाटोप कशाला? समुद्राचं पाणी सुमारे ६० अंशांच्या पुढे गेलं की त्यातले क्षार भिंतींवर बसायला लागतात. गोडं पाणी आत असलं की इंजिन निवांत ८०च्या आसपास चालवता येतं. काटा या आतल्या पाण्याचं तापमान दाखवतो. दोष मात्र बऱ्याचदा बाहेरच्या पाण्याच्या वाटेवर असतो.

मेस्त्री त्या वाटेने बाहेरून आत निघाले. सीकॉक बंद केला, त्याच्यावरची नळी काढली आणि सीकॉक उघडला. होडीत मुद्दाम पाणी घ्यायची ही तपासणी बघायला छातीच लागते. धार जोरात उसळायला हवी होती. आली ती करंगळीएवढी. त्यांनी डिंगीत हवा भरायचा पायपंप मागवला, नळी सीकॉकला जोडली आणि दणादण हवा मारली. तळाखाली बुडबुडे फुटले, धार थोडी सुधारली. “पूर्ण नाही,” ते म्हणाले आणि पुढे सरकले.

गाळणीत बंदराचा नेहमीचा काळा चिखल आणि थोडं शेवाळ होतं, पण वाट अडावी एवढं नाही. तरी झाकणाच्या रबरी रिंगवरून त्यांनी बोट फिरवलं. गाळणी पाण्याच्या पातळीच्या वर असेल, तर फाटक्या रिंगमधून पाणी बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. बाहेर सगळं कोरडंठाक, आणि पंप मात्र पाण्याऐवजी वारा पितोय.

पंपाचं झाकण उघडलं तेव्हा गुन्हेगार सापडला असं आम्हाला वाटलं. आतल्या रबरी इम्पेलरच्या सहा पात्यांपैकी दोन बुंध्यापासून तुटलेली, उरलेल्यांची टोकं झिजून चकाकणारी. इम्पेलरला वंगण पाण्याचंच. तळाच्या भोकावर प्लॅस्टिकची पिशवी चिकटली की मिनिटा-दोन मिनिटांत तो कोरडा घासून मरतो. इंजिन बंद केलं की ओढ संपते आणि पिशवी आपोआप सुटून वाहून जाते. पुरावा उरत नाही.

मित्राने नवा इम्पेलर पुढे केला. मेस्त्रींनी तो बाजूला ठेवला.

“दोन पाती गेली कुठं?”

कसबी माणूस आणि नुसता पार्ट बदलणारा यांच्यातला फरक मला या एका प्रश्नात दिसला. तुटलेली पाती वाहत पुढे जातात आणि हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतात. नव्या इम्पेलरने इंजिन चालेलही, पण बारीक नळ्यांपैकी काही बुजलेल्याच राहतील. एक्स्चेंजरचं टोपण काढलं, मेस्त्रींनी लांब चिमटा आत घातला आणि रबराचे तुकडे एकेक करून फडक्यावर मांडले. दोन हवे होते, निघाले तीन. तिसरा जाड आणि निबर, आधीच्या कुठल्या तरी इम्पेलरचा. म्हणजे मागे कोणीतरी नवा इम्पेलर बसवून, हात पुसून घरी गेला होता. मेस्त्री काही बोलले नाहीत. तुकडा मात्र त्यांनी मित्राच्या तळहातावर ठेवला.

तिथेच तळाशी झिंकच्या कांडीचा भुगाही साचला होता. ही कांडी तांब्या-पितळेऐवजी स्वतः झिजावी म्हणूनच बसवलेली असते. वेळेवर बदलली नाही की तिचे तुकडे पडून तीच वाट अडवते. थर्मोस्टॅटची पाळी आली तेव्हा मेस्त्रींनी गॅसवर चहाचं पातेलं चढवलं, दोऱ्याला बांधून थर्मोस्टॅट त्यात सोडला आणि शेजारी थर्मामीटर धरला. छापलेल्या आकड्याच्या आसपास झडप उघडली, निर्दोष सुटका. पातेल्याचं पुढे काय करायचं यावर मित्र बराच वेळ विचार करत होता.

सगळं जोडून इंजिन सुरू केलं. मेस्त्रींनी खिशातून बंदुकीसारखा थर्मामीटर काढला आणि एक्स्चेंजरच्या दोन्ही नळ्यांवर रोखला. खारं पाणी आत जाताना २९ अंश, बाहेर पडताना ३८. हे गणित मला फार आवडलं. इंजिन तापतंय आणि खारं पाणी खूपच गरम होऊन बाहेर पडतंय, तर पाणी कमी येतंय. इंजिन तापतंय आणि बाहेर पडणारं पाणी मात्र थंडच, तर पाणी भरपूर आहे, पण नळ्यांवर क्षारांचा थर बसल्यामुळे ते उष्णता उचलत नाही. आमचं ठीक होतं. काटा ८०वर स्थिर.

मग होडी बोयाला बांधलेलीच ठेवून त्यांनी गिअर टाकला आणि थ्रॉटल पुढे ढकलला. फेरे ३,०००च्या आसपास जायला हवे होते, ते २,२००वरच अडले. एक्झॉस्टमधून काळा धूर निघाला आणि काटा हळूहळू चढू लागला. मागे पाणी मात्र व्यवस्थित पडत होतं.

काळा धूर म्हणजे झेपत नाही एवढं ओझं, किंवा श्वास कोंडलेला. एक्झॉस्टच्या बाकात काजळी आणि मीठ मिळून दगडासारखा थर धरतात, म्हणून तो आधी उघडला. बोट आरपार जात होतं. राहिला खालचा पंखा.

पाणबुड्या मुलगा भरती-ओहोटीच्या मधल्या स्तब्ध पाण्यात उतरला. मुंबईच्या पाण्यात खाली स्वतःचा हातही दिसत नाही. सगळं काम चाचपून. बराच वेळ तळातून खरवडल्याचा आवाज येत राहिला. वर आला तेव्हा मूठ बार्नकलच्या धारदार कवचांनी भरलेली. पंख्याची तिन्ही पाती त्यांनी मढलेली आणि खारं पाणी आत घेणाऱ्या भोकावरची जाळीही निम्मी झाकलेली. करंगळीएवढ्या धारेचं कोडं तिथे सुटलं. होडी बरेच आठवडे बोयाला नुसती उभी होती. उबदार पाण्यात थांबलेल्या पंख्यावर ही जमात चटकन वसाहत करते, आणि असा खडबडीत पंखा फिरवताना इंजिन डोंगर चढत राहतं.

पुन्हा गिअर, पुन्हा थ्रॉटल. फेरे २,९००, धूर जवळपास नाहीसा. अर्धा तास गेटवेसमोर फेऱ्या मारल्या, काटा ८०वरून हलला नाही.

मेस्त्रींनी मित्राला आणखी एक इम्पेलर आणायला लावला. तो, पंपाच्या झाकणाचं कागदी गॅस्केट, जास्तीचे सहा स्क्रू आणि नेमका त्याच मापाचा स्क्रू-ड्रायव्हर एका पिशवीत घालून चार्टच्या टेबलाखालच्या खणात ठेवला. स्क्रू-ड्रायव्हरला दोरी बांधली होती. “हलत्या होडीत हातातून सुटला की तळात जातो,” ते म्हणाले, आणि डिंगीत उतरता उतरता दहा रुपये पाणबुड्याच्या चहासाठी वेगळे मागून घेतले.