खुडूक कोंबडी: बसवायची की उठवायची?

कोंबडी घरट्यातून उठत नाही, हात नेला तर पिसं फुलवून टोचते, दिवसभर कुडुक कुडुक करते आणि अंडी बंद. मग घरात चर्चा सुरू होते, हिला झालं तरी काय? काही झालेलं नाही, ती खुडूक झाली आहे. बाळंतिणीच्या अंगात दूध आणणारं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक कोंबडीतही असतं. ते वाढलं की अंडी घालणं थांबतं आणि उबवण्याची ओढ लागते. अंडी उचलली तरी ती रिकाम्या घरट्यात बसून राहते. पोल्ट्रीतल्या पांढऱ्या कोंबड्यांतून हा गुण निवड करून जवळजवळ घालवला आहे. गावठी कोंबडीत तो शाबूत आहे, म्हणून तर मशीन नसताना आपल्या अंगणात पिल्लं निघतात.

खुडूक आणि आजारी यांत गल्लत करू नका. खुडूक कोंबडीची नजर टवटवीत असते, ती चिडते, आणि दिवसातून एकदा उठून खाते, पाणी पिते, मोठी वास मारणारी शीट टाकते. आजारी कोंबडी मान टाकून उभी राहते, हिरवट पातळ हगते, श्वासाला घरघर असते. तशी दिसली तर लगेच वेगळी करा.

गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते. अंड्यांवर २१ दिवस आणि पुढे पिल्लांमागे दीड-दोन महिने गेले की तेवढा काळ अंडी नाहीत. म्हणून प्रत्येक खुडूक कोंबडी बसवलीच पाहिजे असं नाही. घरात लहान मूल किंवा गरोदर सून असेल आणि अंडी ताटात हवी असतील, तर तिला उठवणं बरं. कळपात कोंबा नसेल तर अंड्यांत जीवच नसतो, तिथे बसवून उपयोग नाही. आणि आपल्या मालवण किनाऱ्याचा पाऊस! जून ते सप्टेंबर ओल्या जमिनीवर पिल्लांना रक्ती हगवण लागते, गारठूनही मरतात. भातकापणीनंतर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

उठवण्यासाठी नाकात पीस खुपसणं, पाण्यात बुचकळणं, उपाशी ठेवणं असले प्रकार अजून चालतात. ते क्रूर आहेत आणि त्यांची गरजही नाही. तिच्या पोटाखाली ऊब धरू द्यायची नाही, एवढंच. जाळीचा तळ असलेला पिंजरा विटांवर उचलून सावलीत ठेवा. आत पेंढा नको, दाणा-पाणी भरपूर. तीन ते पाच दिवसांत खुडूकपणा मोडतो. सोडल्यावर पुन्हा घरट्यात शिरली तर आणखी दोन दिवस ठेवा. अंडी पुढे एक ते तीन आठवड्यांत सुरू होतात.

बसवायची असेल तर सात दिवसांच्या आतली १० ते १२ अंडी पुरे, जास्त झाली की कडेची थंड पडतात. उकाड्यात अंडी ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात जमवा. टोपलीत तळाला राख, वर पेंढा. राखेनं उवा कमी होतात. अंड्यांवर पेन्सिलीनं खूण करा, कारण दुसरी कोंबडी येऊन तिथेच अंडं घालून जाते. सातव्या रात्री अंड्यामागे बॅटरी धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे, नुसतं स्वच्छ दिसलं तर काढून टाका. काढलेलं अंडं खायचं नाही, मुलांना तर नाहीच. विजा कडाडल्या की अंडी नासतात म्हणून काही घरांत रवणात लोखंड ठेवतात. नासतात ती ओलीमुळे, घाणीमुळे आणि कोंबडी वारंवार उठल्यामुळे. टोपली कोरड्या, शांत जागी ठेवा.

पिल्लं निघणं सोपं, जगणं कठीण. मानमोडी म्हणजे राणीखेत आली की वस्तीतल्या कोंबड्या बघता बघता साफ होतात. तिच्यावर औषध नाही, फक्त लस आहे. लासोटा पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंबानं, पुन्हा चौथ्या आठवड्याच्या सुमारास, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी टोचून. अडचण ही की एका कुपीत शंभर किंवा जास्त पिल्लांची लस असते. ती बर्फातून आणावी लागते आणि मिसळल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते, अगदी आपल्या बाळांच्या लसीसारखी. दहा पिल्लांसाठी एकटी बाई एवढा खटाटोप कशी करणार? म्हणून वस्तीतल्या बायकांनी ठरवून एकाच आठवड्यात कोंबड्या बसवाव्यात. जी आधी खुडूक झाली तिला चार-पाच दिवस दोन जुन्या अंड्यांवर थांबवता येतं. पिल्लं एकदम निघाली की एक कुपी साऱ्यांना पुरते. दोघींची पिल्लं थोडी असतील तर रात्रीच्या अंधारात एकीच्या पंखाखाली सरकवा, दुसरी लवकर अंड्यावर येते. बचत गटाच्या बैठकीत हा विषय घ्या. लसीसाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. सल्ल्यासाठी किर्लोसला कृषी विज्ञान केंद्रही आहे.

आता नर्स म्हणून एक सांगते. एका खोलीचं घर असलं की टोपली खाटेखाली जाते, मुंगसाच्या आणि चोरीच्या भीतीनं. पण रांगणारं मूल जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, आणि शिटेतले जंतू त्याला वारंवार जुलाब लावतात. मग त्याला खाऊ घातलेलं अंगी लागत नाही. खुराडं भिंतीला लागून, पण बाहेर करा, दाराला कडी घाला. अंडी गोळा केल्यावर साबणानं हात धुवा.

एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या कापू नका, खाऊ नका, ओहोळात टाकू नका, दवाखान्याला कळवा. २००६ साली नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तेव्हापासून हा नियम आहे असं समजा.

आणि अंड्यानं रक्त वाढतं हे अर्धंच खरं. प्रथिनं, बी-१२ आणि अ जीवनसत्त्व त्यातून छान मिळतं, पण लोह अंगी थोडंच लागतं. गरोदर सुनेला अंडं द्या, आणि आशाताईंनी दिलेली लोहाची गोळीही चालू ठेवा.