एक्स्पोजर: कॅमेऱ्याचं आणि केमिकलचं

हिवाळा आला की पुण्याहून गाड्या सुटतात भिगवण-कुंभारगावकडे. फ्लेमिंगो, होडी, भलीमोठी लेन्स आणि परतताना ताज्या माशांची थाळी. एकदम झक्कास वीकएंड! पण उजनीच्या या पाण्यात आपलाही ‘वाटा’ असतो बरं का. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत उतरतं आणि भीमा अडते उजनीत. १९८० साली पूर्ण झालेलं हे ११७ टीएमसीचं धरण. काठावर करमाळा, माढा, इंदापूर तालुक्यांतली गावं. ऊस, केळी, द्राक्षं, म्हणजे फवारणीही आलीच.

आता काठावरच्या एखाद्या आईनं विचारलं, ‘या पाण्यानं माझ्या पोराला काही होईल का हो?’, तर सांगणार कोण? नदीच्या पाण्याचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, विहिरी-बोअरचे भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे, पेशंट प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रजिस्टरात. आणि औषध कुठलं, किती मारलं? ते शेतकऱ्याच्या डोक्यात!

नुसतं ‘पाण्यात अमुक सापडलं’ म्हणून भागत नाही. कोणाच्या पोटात किती गेलं, हे कळायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब बघा: ६० किलोचा मोठा माणूस दिवसाला २ लिटर पाणी पितो, १० किलोचं मूल १ लिटर. म्हणजे हंडा तोच, पण किलोमागे मुलाच्या अंगात तिप्पट जातं. बापाला चालेल ते लेकराला चालेलच असं नाही.

माहिती नीट लावता येतच नाही, असं मात्र म्हणू नका. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी ‘अपेडा’नं २००६च्या सुमारास ग्रेपनेट उभं केलं. बागेची नोंदणी, नमुना, लॅबचा रिपोर्ट, सगळं ऑनलाइन. लंडनमधल्या गिऱ्हाइकाच्या घडात काय उतरलं हे कळतं. पंप पाठीवर घेऊन फवारणाऱ्याच्या अंगात काय उतरलं, त्याचं असं नेट नाही. गंमतच आहे सगळी.

ही गंमत किती महाग पडते ते २०१७ साली यवतमाळनं दाखवलं. फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. अशा वेळी डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘काय मारत होतात?’ ऑरगॅनोफॉस्फेट असेल तर अॅट्रोपिन कामी येतं. बऱ्याच औषधांना उताराच नाही. त्यात दोन-तीन औषधं एकत्र मिसळलेली असली, तर मग बघायलाच नको.

उजनीकाठी खरी अडचण तशी साधीच आहे. पाण्याचा नमुना नदीवरच्या ठिकाणाच्या नावावर, पेशंट उपकेंद्राच्या नावावर, शेत गट नंबरवर. ही तिन्ही जोडायची तर आधी सगळीकडे गावाचा एकच कोड लागेल. आणि आशाताईंच्या वहीत जास्तीचे दोन रकाने: पिण्याचं पाणी कुठलं, शेवटची फवारणी कधी आणि कशाची.