भंगारातून आकाशात : लिबरेटर विमानाची कथा

दिल्लीस शैक्षणिक सहल नेणारे शिक्षक विद्यार्थ्यांना लाल किल्ला व कुतुबमिनार आवर्जून दाखवितात. पालम येथील भारतीय हवाई दलाच्या संग्रहालयासही अवश्य भेट द्यावी. तेथे जतन केलेले ‘लिबरेटर’ हे दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकी विमान युद्धाइतकेच भारतीय कारागिरांच्या जिद्दीचेही साक्षीदार आहे.

काय पाहावे?

चार इंजिनांच्या या विमानाच्या पंखांचा विस्तार ११० फूट आहे. पंख धडाच्या वरच्या बाजूस जोडलेले असल्याने खालचा भाग बॉम्ब ठेवण्यास मोकळा राहतो. त्याची दारे बाहेर उघडत नाहीत. दुकानाच्या शटरप्रमाणे ती वर सरकतात. आतून पुढे-मागे जाण्यासाठी जेमतेम वीतभर रुंदीची पट्टी असे. हवेचा दाब राखण्याची सोय नसल्याने उंचावर सैनिकांना कडाक्याच्या थंडीत, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावून याच पट्टीवरून तोल सांभाळीत जावे लागे.

मोडलेली विमाने पुन्हा उभी राहिली

अमेरिकेत अशी १८ हजारांहून अधिक विमाने तयार झाली. ‘लेंड-लीज’ करारान्वये ब्रिटनला मिळालेली विमाने युद्धानंतर परत करणे किंवा निकामी करणे आवश्यक होते. त्यामुळे कानपूर येथे सोडलेली अनेक लिबरेटर विमाने पुन्हा वापरता येऊ नयेत अशा रीतीने मोडून टाकण्यात आली.

स्वतंत्र भारताच्या हवाई दलाला मात्र लांब पल्ल्याच्या विमानांची निकड होती. १९४८ मध्ये बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीने हे काम अंगावर घेतले. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने १९४० मध्ये स्थापन केलेली हीच ती कंपनी. एका विमानाचे सुस्थितीतील भाग दुसऱ्यास बसवून प्रत्येक विमान निदान एका उड्डाणापुरते सिद्ध करण्यात येई. मग कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी ते सुमारे दीड हजार किलोमीटर दूर बंगलोरला नेत. डागडुजी केलेल्या विमानाचा हा प्रवास जोखमीचाच होता. बंगलोरला विमानाची संपूर्ण दुरुस्ती होई. अशा रीतीने ४० च्या आसपास विमाने सेवेत आली.

नोव्हेंबर १९४८ मध्ये कानपूरला हवाई दलाचे पाचवे स्क्वाड्रन या विमानांवर उभे राहिले. १९५१ मध्ये पुण्यास सहावे स्क्वाड्रन सागरी टेहळणीसाठी सज्ज झाले. १९६८ पर्यंत ही विमाने कार्यरत होती.

जगभर वारसा

अन्य देशांनी आपली बहुतेक लिबरेटर विमाने भंगारात काढली. त्यामुळे कॅनडा, ब्रिटन व अमेरिका येथील संग्रहालयांना भारताकडून विमाने मिळाली. भारतातून गेलेले एक विमान तर पूर्ण दुरुस्तीनंतर १९८९ मध्ये अमेरिकेत पुन्हा आकाशात झेपावले.

विमान पाहताना शिक्षकांनी विद्यार्थ्यांना त्याच्या शस्त्रबळाची माहिती अवश्य द्यावी. परंतु ज्या हातांनी ते भंगारातून उभे केले, त्या हातांची कथा प्रथम सांगावी.